दिमाखचे मागचे पाय

आमच्या घरी पाहुणा आला की बाकीचे त्याच्या तोंडाकडे बघायचे. माझी मोठी जाऊ मात्र तो परत निघाला की पाठीमागून बघायची. मी नवी सून म्हणून आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिने मला जिन्याखाली थांबवलं.

"तुझी उजवी टाच दुखते का गं?"

दुखत होती. माझ्या आईलासुद्धा ते ठाऊक नव्हतं.

"तुम्हाला कसं कळलं, वहिनी?"

ती ओशाळली. "सवय. कुत्री बघून बघून माणसांकडेही तसंच बघायला लागले आहे. मनावर घेऊ नकोस."

मी चांगलंच मनावर घेतलं आणि चार दिवस तिच्यासमोरून चालायचंच टाळलं. पुढे आमचं इतकं जमलं की शेजारपाजारच्यांना दोघी जावा आहोत हे पटेना. म्हणायचे, भांडत कशा नाहीत या? भांडायला वेळ कुणाला होता! खालच्या मजल्यावर आणि मागच्या अंगणात कुत्री. वरच्या दोन खोल्यांत मी आणि माझा नवरा. नवऱ्याचा कुत्र्यांशी काही संबंध नव्हता. लहानपणी त्याच्या आधी कुत्र्यांची ताटं भरायची, तो राग त्याने जपून ठेवला होता. मी औषधांच्या दुकानात कामाला जायचे आणि संध्याकाळी येताना कुत्र्यांच्या मलमपट्टीचं सामान घेऊन यायचे.

घरात शेफर्ड कुत्र्यांची पैदास करायचं काम सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी सुरू केलं. ते कुत्र्यांच्या प्रदर्शनात परीक्षक म्हणूनही जायचे. त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पण मी या घरात यायच्या कितीतरी आधी त्यांची नजर जायला लागली. आधी कडा धुरकट झाल्या, मग मधलंही गेलं. तेव्हा त्यांनी थोरल्या सुनेला अंगणात बोलावलं, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "समोर कुत्रं चाललंय ना? काय दिसतं ते सांग."

"छान दिसतंय, बाबा."

"छान हे काही दिसणं नाही. कुत्रं तोंडाकडून बघू नकोस. तोंड बघून माणसांच्या सोयरिकी कराव्यात. कुत्र्याचं मागून बघावं."

पहिल्या धड्याला त्यांनी तिलाच चवड्यांवर उभं केलं. कुत्र्याचा मागचा पाय बघून लोकांना वाटतं, याचा गुडघा उलटा आहे. तो गुडघा नसतो, ती टाच असते. गुडघा वर, मांडीशी असतो. कुत्रं जन्मभर चवड्यांवरच उभं राहतं. "आता गुडघ्यात थोडी वाक. चाल. अजून वाक. आता चाल." अंगणाच्या निम्म्यात येईपर्यंत तिच्या मांड्या पेटल्या.

"कळलं?" बाबा म्हणाले. "थोडा बाक हवाच, त्याच्याशिवाय रेटा येत नाही. पण बाक वाढला की रेटा जातो आणि नुसती कसरत उरते."

मग त्यांनी तिला ओळंबा शिकवला, गवंडी भिंत तपासायला सोडतो तो. बाजूने बघताना ढुंगणाच्या टोकावरून मनातल्या मनात दोरी सोडायची. ती मागच्या पंजाच्या बोटांशी टेकली पाहिजे. टाचेपासून पंजापर्यंतचा भाग खांबासारखा ताठ. मागून बघताना दोन्ही पाय समांतर, टाचा गायीसारख्या आत वळलेल्या नकोत. आणि शेवटची खूण अशी. लोक कुत्र्याला हवं तसं उभं करून आणतात, पाय मागे ताणतात, वाकडं झाकतात. तेव्हा मागून हात घालून त्याला किंचित उचलायचं आणि सोडायचं. पाय आपोआप जिथे पडतील, ते खरे.

ती हळूहळू बाबांचे डोळे झाली, आणि मग स्वतःच परीक्षक. परीक्षेला बसली तेव्हा प्रदर्शनं भरवणाऱ्या क्लबातले लोक हसले होते. पास झाल्यावर तेच तिला जजबाई म्हणायला लागले. आधी चेष्टेने म्हणायचे, मग नावच पडलं.

तोवर सगळा कारभार थोरल्या दिरांकडे आला होता. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. दादा वाईट माणूस नव्हता, हे मी आधीच सांगते. कुत्री व्यायली की तिच्याशेजारी पोतं टाकून झोपणारा, अशक्त पिल्लाला सदऱ्याच्या आत धरून उबवणारा माणूस. पण त्याचं सगळं सुख एका कुत्र्यात जाऊन बसलं होतं. त्याचं नाव दिमाख.

दिमाख उभा राहिला की येणारा-जाणारा थबकायचा. काळी पाठ घसरगुंडीसारखी उतरत गेलेली, एक मागचा पाय लांब मागे ताणलेला, आता झेप घेतो की मग. कुत्र्यांच्या खाद्याच्या एका कंपनीने त्याचा फोटो कॅलेंडरवर छापला. लांबलांबून लोक आपापल्या कुत्र्या घेऊन त्याच्याकडे यायला लागले. थोड्याच वर्षांत आसपासच्या प्रत्येक प्रदर्शनात दिमाखची मुलं, दिमाखची नातवंडं. सगळी उभी राहिली की देखणी.

आणि चालायला लागली की? वहिनीने मला एकदा अंगणात उभं करून दाखवलं. "मागून बघ." दिमाख दादामागे निघाला होता. मला तरी आधी काही कळलं नाही. मग दिसलं. ढिल्या सायकलचं चाक डुगडुगावं तशा त्याच्या टाचा प्रत्येक पावलाला आत-बाहेर हलत होत्या. पुढचा अर्धा कुत्रा राजासारखा जात होता आणि मागचा अर्धा त्याच्यामागून ओढला जात होता.

"दादांना सांगितलंत?"

"सांगून सांगून जीभ झिजली."

शेवटचं सांगितलं तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. दादा जेवत होता. ती म्हणाली, "त्याची पिल्लं काढणं थांबवा. बाक प्रत्येक पिढीत वाढतोय."

"लोकांना तोच बाक हवाय," दादा म्हणाला.

"लोकांना चालावं लागत नाही त्या पायांवर."

दादाने घास खाली ठेवला. "हे बघ, तुझी परीक्षा तिकडे मैदानात. घरात घेऊ नकोस. आणि बाबांच्या कानावर गेलं ना, तर एक तर ते या घरात राहतील नाहीतर मी."

हीच मेख होती. बाबा रोज संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून बसायचे. कुत्री फिरून आली की विचारायचे, "मागचे पाय कसे आहेत गं पोरांचे?" दादा शेजारीच पट्टे सोडत उभा असायचा. वहिनी म्हणायची, "बरे आहेत, बाबा." म्हाताऱ्याचं आयुष्य त्या कुत्र्यांत गेलेलं. खरं सांगावं तर बाप-लेक तुटणार. न सांगावं तर ज्याने डोळे दिले, त्यालाच रोज आंधळं करायचं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे ही बाई पाण्याच्या बादल्या वाहत उभी.

मी एकदा म्हटलं, "चार दिवस माहेरी जाऊन या. मोकळं वाटेल." ती गेलीही. दुसऱ्या दिवशी दुपारी परत. म्हणाली, "भावाच्या घरी बसले होते. त्याची मुलगी दारातून गेली आणि मी तिच्या पावलांकडे बघत राहिले. म्हटलं, इथे तरी काय वेगळं आहे." मग पदर खोचून कुत्र्यांच्या खोल्या धुवायला लागली.

त्या वर्षीच्या मोठ्या प्रदर्शनाला बाहेरून येणारा परीक्षक आजारी पडला. क्लबाच्या सेक्रेटरीने जजबाईला बोलावलं. परीक्षकाच्या घरची कुत्री त्याच्यापुढे उतरवता येत नाहीत, म्हणून दिमाख घरीच राहिला. पण मुलांना आणि नातवंडांना नियम लागू नव्हता. दादा तर खूष. सकाळी स्वतः चहा करून दिला तिला. काही सांगितलं नाही, नुसतं म्हणाला, "सगळी आपलीच माणसं आहेत तिथे."

मी दोरीबाहेर खुर्चीवर बसले होते. शेवटच्या फेरीत मोठे नर उतरले. सगळ्यांत पुढे एका फर्निचरवाल्याचा कुत्रा होता, दिमाखचा मुलगा, हुबेहूब बाप. वहिनीने एकेकाला सरळ रेषेत जायला आणि यायला लावलं. गुडघे टेकून मागून बघितलं. फर्निचरवाल्याच्या कुत्र्याजवळ आली, मागून हात घातला, किंचित उचललं आणि सोडलं. एक पंजा इकडे पडला, दुसरा तिकडे. मला लांबूनही दिसलं. फर्निचरवाल्याने चटकन वाकून पाय परत मागे ताणला आणि हसला.

ती उभी राहिली. रांगेच्या शेवटी एक बुटकंसं, रंगाने फिकं कुत्रं होतं. सरळ पायांचं, सहज पावलाचं. तिची नजर तिकडे गेली. मग दोरीपलीकडे दादा उभा होता तिकडे गेली. मग तिने हात वर केला आणि फर्निचरवाल्याकडे बोट दाखवलं.

टाळ्या वाजल्या. घरी येताना गाडीत दादा शीळ वाजवत होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फर्निचरवाला मिठाईचा पुडा घेऊन दारात हजर. सोबत कुत्रा. "बाबांच्या पाया पडायला आणलंय म्हटलं याला. त्यांच्याच रक्ताचा."

बाबा खुर्चीत सावरून बसले. "आण इकडे." त्यांनी हात पुढे केला. डोकं चाचपलं, मान, खांदे, पाठ. हात मागे गेला. मांडीवरून खाली, गुडघ्यावरून खाली, टाचेशी येऊन थांबला. मग दुसऱ्या पायावरून. मग त्यांनी खुर्चीतूनच पुढे वाकून कुत्र्याला मागून उचललं, सोडलं, आणि पाय कुठे पडले ते बोटांनी शोधलं. वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. मी तो तिच्या हातातून घेतला.

"जपा हो याला," बाबा फर्निचरवाल्याला म्हणाले. "पायऱ्या चढायला लावू नका." तो बिचारा आशीर्वाद समजून गेला.

फाटक लागल्याचा आवाज झाला तेव्हा बाबांनी विचारलं, "याला पहिला दिलास तू?"

"हो, बाबा."

"बघून?"

"बघून."

"आणि घरचे? रोज मी विचारतो ते?"

दादा पुढे झाला. "बाबा, आता जमाना बदललाय. तुमच्या वेळचं कुत्रं आज कुणी फुकट नेणार नाही."

"मी तुला विचारलं नाही," बाबा म्हणाले. "मी माझ्या डोळ्यांना विचारतोय."

वहिनी खाली जमिनीवर बसली, त्यांच्या पायांशी. म्हणाली, "वाईट आहेत, बाबा. सगळ्यांचे. दिमाखचे सगळ्यांत आधीपासून."

मला वाटलं आता म्हातारा ओरडेल, काठी फेकेल. तसं काही झालं नाही. त्याने खुर्चीच्या दांड्या धरल्या. दादाला म्हणाला, "त्याची पिल्लं काढायची नाहीत आता."

"कारभार मी बघतो, बाबा," दादा हळूच म्हणाला. आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं. बाबांना काय करता येणार होतं? फाटकापर्यंत जायचं तरी कुणाचा तरी खांदा लागायचा. दादा म्हणाला होता तसं कुणी घर सोडून गेलं नाही. घरं अशी सोडवत नाहीत. सगळे एकाच छताखाली राहिले. बाप-लेक एकमेकांशी बोलायचे ते माझ्या किंवा वहिनीच्या तोंडून. "त्याला सांग, पाणी गरम आहे." "त्यांना सांग, मला नको."

पुढचं प्रदर्शन आलं. परीक्षकांची नावं आधीच ठरली होती, त्यात तिचं होतं. दादाला वाटलं, एकदा नमली ती पुन्हा नमेल. फर्निचरवाला परत आला होता, त्याच्यासोबत आणखी तशीच कुत्री. ते फिकं कुत्रं मात्र या वेळी नव्हतं. मालकाने म्हणे नाद सोडला.

वहिनीने सगळ्यांना चालवलं, सगळ्यांना उचलून सोडलं. मग टेबलाशी जाऊन माइक मागितला. "पहिला क्रमांक कुणालाच देत नाही. दुसराही नाही. यातल्या एकाही कुत्र्याचे मागचे पाय बरोबर नाहीत. गेल्या वेळी मी जो पहिला दिला, तो चुकीचा दिला."

कुणीतरी ओरडलं, "बाईला घरी पाठवा!" फर्निचरवाला दोरी ओलांडून आला. "अहो, बाप तुमच्या घरचा आहे याचा!"

"म्हणूनच सांगतेय," ती म्हणाली. "मला रोज बघावा लागतो."

दादा तिथून निघून गेला. आम्ही दोघी बसने घरी आलो. बसायला जागा नव्हती, दांड्याला धरून उभ्या होतो. मी म्हटलं, "वहिनी, आता?" ती म्हणाली, "आता काय. कुत्र्यांची जेवणं व्हायची आहेत."

मला वाटायचं, खरं बोललं की माणूस सुटतो. ती सुटली नाही. क्लबाने तिचं नाव यादीतून काढलं. बाजारात लोक तोंड फिरवायला लागले. दादाने अबोला धरला, आणि काम मात्र सगळं तसंच तिच्या अंगावर. सगळ्यांत वाईट म्हणजे दिमाखची मागणी कमी झाली नाही. एक बाई बिथरली, एवढाच त्या दिवसाचा अर्थ लोकांनी लावला. दिमाखसाठी परकी कुत्री अंगणात आली की तिला धरायला आजवर वहिनी उभी राहायची. ते मात्र तिने बंद केलं. तेवढ्यापुरती ती खोलीत जाऊन दार लावून घ्यायची. आतून बाहेरचं सगळं ऐकू यायचं.

मग दिमाखचं वय झालं. आणि वय आधी कुठे येतं? मागच्या पायांत. एके सकाळी तो पुढच्या पायांवर उठला आणि मागचा भाग जमिनीवरच राहिला. दादा त्याला "ऊठ, ऊठ बेटा" म्हणत राहिला. तो बिचारा शेपूट हलवत होता, उठत नव्हता. वहिनीने जुना टॉवेल आणला, पोटाखालून घातला, दोन्ही टोकं धरून त्याचा मागचा भार स्वतः उचलला. तसा तो चालला. अंगणाच्या कडेला जाऊन आला. त्या दिवसापासून सकाळ, दुपार, संध्याकाळ तोच क्रम. दादाने प्रयत्न केला, पण त्याची ओढ जास्त व्हायची, कुत्रं विव्हळायचं. माझ्या हातून तर तो बसूनच घ्यायचा. त्याला फक्त तिचा हात कळायचा.

दादाने तेव्हापासून पिल्लं काढणं कमी केलं. थांबवलं नाही, कमी केलं. आणि एक दिवस थेट बाबांच्या खुर्चीशी जाऊन म्हणाला, "मागच्या पायांतून गेला हो माझा कुत्रा." कितीतरी महिन्यांत मधे कुणी न घेता बोललेलं ते पहिलं वाक्य. बाबांनी नुसता हात पुढे केला.

त्याच सुमाराला फोन आला. लांबच्या एका मोठ्या क्लबाचा. माइकवरची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली होती. असाच परीक्षक आम्हाला हवा, आठवडाभर या, नव्या परीक्षकांना शिकवा, म्हणाले. वहिनीने फोन ठेवला तेव्हा तिचा चेहरा मी प्रथमच इतका उजळलेला बघितला. दादाच म्हणाला, "जा तू. मी बघतो इथलं." मी तिची बॅग भरली. माझी चांगली शाल आत घातली.

निघायच्या सकाळी तिने दिमाखला फिरवून आणलं आणि टॉवेल माझ्या हातात दिला. "करून दाखव." मी केलं. तो बसला. दादाने केलं. तो ओरडला आणि टॉवेलला दात लावले. आम्ही पुन्हा पुन्हा करत राहिलो. रिक्षावाला बाहेर भोंगा वाजवत होता.

"जा गं तू," दादा घाम पुसत म्हणाला. "शिकेल तो."

"आठवडाभर पडून राहिला तर जखमा होतील," ती म्हणाली, आणि पायातल्या चपला काढल्या.

मी भडकले. "एका कुत्र्यासाठी, वहिनी? तुम्हाला बोलावलंय त्यांनी! असं परत कोण बोलावणार आहे?"

"कळतंय मला," ती म्हणाली. "रिक्षावाल्याला सांग, नको म्हणून."

दिमाख थंडी संपता संपता गेला. तोवर त्या क्लबाने दुसरं कुणी नेमलं होतं. परत फोन आला नाही. तिनेही केला नाही. मी शाल बॅगेतून काढून घेतली, तेव्हा ती म्हणाली, "राहू दे ना आत," मग म्हणाली, "नको, घे. कसर लागेल."

आता एक नवीनच सुरू झालंय. रविवारी दुपारी मागच्या फाटकाशी माणसं येतात. पुढच्या दाराने येत नाहीत. यातलेच काही जण त्या दिवशी मैदानात ओरडत होते. कुशीत पिल्लू असतं. "जजबाई, जरा बघता का? कुणाला सांगू नका." दादाला ते दिसतं. तो खाकरतो आणि घरात जातो.

गेल्या रविवारी एक नवरा-बायको आले होते. पिल्लू गुटगुटीत होतं, कान नुकते उभे राहात होते. वहिनीने त्याला चालवलं, मागून बघितलं, उचललं, सोडलं. मग पोटाशी धरून बराच वेळ कुरवाळलं.

"घरात ठेवा याला. खूप लाड करा. गुळगुळीत फरशीवर पळू देऊ नका. पण मोठा झाल्यावर याची पिल्लं काढू नका."

बायकोचा चेहरा उतरला. नवरा म्हणाला, "पण याचा आजा कॅलेंडरवर होता म्हणे."

"होता," वहिनी म्हणाली. "मी ओळखते त्याला."

ते गेले. रस्त्याच्या वळणापर्यंत तिने त्यांना बघितलं, मग फाटकाची कडी आतून लावली. खोल्यांमध्ये कुत्री उठून भांडी ढकलायला लागली होती. ती बादली घेऊन नळाकडे गेली.